हात भरलेले आसत, तू वाच

यंदा रातांबे मी वेचले. सकाळी परसातल्या झाडाखाली गेले तेव्हा जमिनीवर लाल फळं पसरली होती आणि माझ्याआधी तिथे मुंग्या पोचल्या होत्या. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. आमच्या मालवण-कट्ट्याच्या बाजूला हे कोणाला सांगावं लागत नाही, पण हा लेख घाटावरही वाचला जाईल, म्हणून सांगते. वाचणाऱ्याला समजणार नाही ते लिहायचं नाही, अशी आमच्या घरची शिस्त आहे. ती कोणी लावली, त्याबद्दलच हे लिहिणं.

माय म्हणजे माझ्या वडिलांची आई. नाव कार्मेलिन, माहेर तोंडवली. घरात आणि वाडीत सगळे तिला मायच म्हणत. एकटे आजोबा तिला ‘गो’ म्हणत, आणि ती त्यांना गावासारखीच ‘मास्तर’ म्हणे. आजोबा शाळेत मास्तर होते. शाळा सुटल्यावर ते पत्रकं लिहीत. रापणकारांसाठी, एसटीच्या फेऱ्यांसाठी, रेशनच्या दुकानातल्या किडक्या तांदळासाठी. आमच्याकडे आल्तारावर येशूची तसबीर होती आणि तिच्या खालच्या फळीवर पत्रकांचे गठ्ठे. माय दोन्हीवरची धूळ एकाच फडक्याने पुसायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात, सोलं वाळत असतानाच ती गेली. चार दिवस आधीपर्यंत खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून रातांबे फोडत होती. मग छातीत कफ झाला, अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी तिने डोळे उघडून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, “दोन पुटां ऱ्हवली.” आम्ही सगळे काहीतरी मोठं ऐकायला तिच्याभोवती उभे होतो. ती सोलांबद्दल बोलत होती.

पुट म्हणजे काय, तेही सांगते. रातांबा मधोमध फोडायचा. आतला गर बियांसकट काढून खडेमीठ घालून बरणीत ठेवायचा. रात्रीतून त्याचा रस सुटतो. साली उन्हात वाळवायच्या. दुसऱ्या दिवशी त्या रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या. असं रोज. एकेक पुट चढत जातं तसतशी साल गडद होते, मऊ होते, आणि मग तिला सोल म्हणता येतं. माय सहा पुटं द्यायची. बाजारात तीन पुटांचीही सोलं मिळतात. दिसायला तशीच असतात, सारात टाकली की पाणी फिकट राहतं. “घाईचा काम,” माय अशा सोलांकडे बघून म्हणायची, आणि तसंच्या तसं ते आजोबांच्या काही वाक्यांबद्दलही म्हणायची.

या कामात हात भरतात. कोपरापर्यंत लाल होतात, बोटांच्या चिरांमध्ये आंबट रस जाऊन झोंबतो, आणि मग बाकी कशाला हात लावता येत नाही. माझ्या लहानपणीचा मे महिना म्हणजे मायचे हे लाल हात. तिचा पदर सरकला तर मी सावरायचा. तिला पाणी मी पाजायचं. तिच्या कपाळावर बसलेली माशी मी उडवायची. आणि तिला वाचून मी दाखवायचं.

माझ्याआधी हे काम आजोबांचं होतं. तरुणपणी ते पत्रक लिहून खळ्यात यायचे आणि तिच्यापुढे कागद धरायचे. ती चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश का होईना, वाचू शकत होती. पण कागद धरणार कशी? “माझे हात भरलेले आसत, मास्तर. तुम्हीच वाचा.” मे महिन्यात रातांबे असत, पावसात चुलीची राख, दिवाळीनंतर मासळीचं मीठ. हात वर्षभर भरलेलेच. म्हणून मग प्रत्येक पत्रक मोठ्याने वाचलं जाऊ लागलं.

त्यातला एक प्रसंग आमच्या घरी इतक्यांदा सांगितला गेला आहे की मी तिथे नव्हते हे मला खरं वाटत नाही. मोठ्या यांत्रिक बोटी किनाऱ्याजवळ येऊन मासे उपसून नेत होत्या, आणि किनाऱ्यावरून जाळी ओढणाऱ्या रापणकारांच्या हाती शेवाळ लागत होतं. आजोबांनी पत्रक लिहिलं आणि वाचायला सुरुवात केली: “विहित जलमर्यादेचे उल्लंघन करून यांत्रिक नौका...”

“थांबा,” माय म्हणाली. “ह्या कोणाक सांगतास तुम्ही?”

“तुझ्या भावांक. तोंडवलीच्या रापणकारांक.”

“माझ्या भावाक विहित म्हणजे काय ता म्हायती नाय. आणि मर्यादा म्हटल्यार तो घरातल्या सुनांक हाक मारीत. पाणी किती, ता सांगा. वाव सांगा.”

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी. दर्यात पाण्याची खोली वावात मोजतात. तिने हे बोलताना लाल हात पसरून दाखवले, आणि रस आजोबांच्या सदऱ्यावर उडाला. सदरा फुकट गेला, पण पत्रकाची पहिली ओळ झाली: दहा वाव पाण्यात मोठी बोट येते, ती आमच्या ताटात हात घालते. ही ओळ लोकांनी होड्यांवर रंगवली. आजोबांचं नाव झालं. ओळ आजोबांचीच होती, ते मी नाकारत नाही. पण ‘विहित’ कोणी काढलं?

मी हे रागाने लिहिणार होते. मला राग सोपा जातो. मी अक्षरं पत्रकांवरच शिकले. आमच्या घरी ‘अ’ अन्यायाचा होता, असं वडील चेष्टेने म्हणतात. पण गेले पाच दिवस मी रोज सकाळी सोलांना पुट देते आहे, आणि ओल्या साली एकेक करून पसरताना राग टिकवणं अवघड जातं. हात हळू चालतात. मग मनही हळू चालायला लागतं.

मायचं दर बुधवारी कट्ट्याच्या बाजारात बसणं आठवतं. एसटी थांब्याच्या बाजूला तिची ठरलेली जागा, पुढ्यात पाटी. ती सोलं बांधून द्यायची ती आजोबांच्या उरलेल्या पत्रकांत. आजोबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर बाजारात उखडले.

“अगो, माझ्या विचारात सोलां बांधतंस?”

“मगे? बायलमाणसां येतत काय तुमच्या सभेक? सोलां तरी त्यांच्या घराक जातत. कागद सोलांवांगडा जातलो.”

आजोबा आठ दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. पुढच्या बाजाराला वरच्या गावची एक बाई आली आणि मायला म्हणाली, “गेल्या खेपेक अर्धोच कागद गावलो गे. बोटीचा पुढे काय झाला ता लिहिलेला काय?” त्या दिवसापासून आजोबा पत्रक लहान कागदावर छापून घेऊ लागले. एका पुडीत अख्खं मावेल एवढं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, कोल्हापूरला असताना, मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता ‘बिनपगारी’. घरात राबणाऱ्या बायकांच्या कामाला काम का म्हणत नाहीत, हा माझा प्रश्न होता, आणि तो बरोबर होता. आजही मी तो मागे घेणार नाही. पण प्रश्नाला उदाहरण हवं होतं. मी लिहिलं: ‘माझी आजी पन्नास वर्षं बिनपगारी राबते आहे. तिच्या श्रमाला मोल नाही, तिच्या नावाला जागा नाही, तिला स्वतःचं असं आयुष्य नाही.’ घरच्यांवर लिहिताना घरच्यांना विचारायचं नसतं, असा माझा तेव्हा बाणेदार नियम होता. मी कोल्हापूरला छापून घेतलं आणि सुट्टीत कट्ट्याच्या बाजारात वाटायला गेले.

वाटत वाटत मायच्या जागेपर्यंत आले. तिने वर पाहिलं, हसली. तिच्या शेजारच्या भाजीवाल्या बाईला मी पत्रक दिलं. नंतर मायला वगळून पलीकडच्या बाईला दिलं. घरी गेल्यावर तिला नीट समजावून सांगू, असं मी मनाशी म्हटलं. तत्त्वासाठी लिहिणारी माणसं स्वतःशी किती सहज खोटं बोलतात, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

उरलेला गठ्ठा तिच्या पाटीशी ठेवून मी चहा घ्यायला गेले. परत आले तेव्हा ती त्यात सोलं बांधत होती. नेहमीसारखीच. कागदाचं एक टोक आत, दुसरं वर, मधोमध सुतळी. सोलांचा ओलावा कागदाला लागला होता आणि माझ्या ओळींवर गुलाबी डाग फुटत होते.

“तुझे कागद घेतले, गो. बरे जाड आसत. रस भायर येणा नाय.”

एवढंच. मी वाट पाहत राहिले, ती ‘वाच’ म्हणेल म्हणून. एसटीत बसलो तेव्हा म्हणाली नाही. संध्याकाळी खळ्यात तिचे हात कोपरापर्यंत भरले होते, मी शेजारी बसले होते, तिला पाणी पाजत होते. तेव्हाही म्हणाली नाही. ती चिडलेली दिसत नव्हती. रात्री जेवताना माशाचा मधला तुकडा तिने माझ्याच ताटात वाढला. पुढे मी लिहिलेलं सगळं तिने नेहमीसारखं ऐकलं, अडवलं, छाटलं. ते एक पत्रक सोडून. त्यातल्या चार ओळी तिने त्या दिवशी अक्षरं लावून वाचल्या होत्या की नाही, ते मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

तिला स्वतःचं असं आयुष्य नाही! ही बाई एकदा पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बघायला एकटीच एसटीने जाऊन आली होती, आणि घरात सांगितलं ते परत आल्यावर. पुढे आठवडाभर ती भाकरी थापताना रावणाच्या आवाजात आजोबांना जेवायला बोलवत होती. दर वर्षी सोलांची पहिली बरणी घेऊन ती तोंडवलीला जायची. भावांना बरणी द्यायची, आणि मग लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून पाण्यात उभी राहायची. काही न करता. “काय करतंस गे पाण्यात?” मी लहानपणी विचारलं होतं. “उभी आसंय,” ती म्हणाली. वडील पहिल्यांदा मुंबईला नोकरीला निघाले तेव्हा तिने त्यांच्या बॅगेत कोकमतेलाचा गोळा ठेवला होता, थंडीत टाचा फुटल्या तर लावायला. वडिलांनी तो वापरलाच नाही. त्यांच्या कपाटात तो पांढरा गोळा अजून आहे, आणि टाचा दर थंडीत फुटतात.

आता तिला जाऊन वर्ष होतंय. येत्या रविवारी चर्चमध्ये तिची वर्षाची मीस, म्हणजे स्मरणाची प्रार्थना, आहे. त्याआधी थडग्यावर फरशी बसायला हवी. कोरणारा माणूस रोज मजकूर मागतो. चार ओळी मावतील म्हणतो. मी घरातली लिहिणारी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. जिच्याबद्दल एकदा न विचारता लिहिलं, तिच्याबद्दल पुन्हा लिहायचं, आणि आता विचारायची सोयही नाही. त्यातून हे दगडावर. पत्रक चुकलं तर दुसरं काढता येतं.

वडिलांनी मुंबईहून फोन केला. “‘प्रेमळ पत्नी, आई आणि आजी.’ ह्या लिही आणि मोकळी हो. सगळे असाच लिहितत.”

“बाबा, हे तिन्ही शब्द दुसऱ्यांचे झाले. ती खंय आसा ह्यात?”

“अगो, थडगा आसा ता. पत्रक नाय!”

आजोबांना मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर दिसत नाही. रातांबे फोडायचं काम त्यांनी मागून घेतलं. आयुष्यभर खडू धरलेले हात पहिल्याच दिवशी लाल झाले आणि ते त्यांच्याकडे नवल करत बघत राहिले. मी कागद घेऊन समोर बसले.

“‘श्रम आणि संघर्षाची मूक साक्षीदार...’”

आजोबांनी रातांबा फोडता फोडता मान वर केली. “ह्या कोणाक सांगतंस तू?”

तिचं वाक्य होतं ते. आजोबांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. मग ते म्हणाले, “आणि मूक? तिका मूक कोण म्हणता?” आणि हसायला लागले. मलाही हसू आलं.

रोज एक पुट, रोज एक मजकूर. दुसऱ्या दिवशी मी बायको, आई, आजी हे शब्द अजिबात येऊ दिले नाहीत. आजोबा ऐकून म्हणाले, “मी कोण मगे तिचो? भाडेकरू?” तिसऱ्या दिवशी मी मीठ जास्त घातलं आणि विशेषणंही. चौथ्या दिवशी मला वडिलांचे तीन शब्द पुन्हा वाचावेसे वाटले. बायको, आई, आजी. मी त्यांच्यावर रागावले होते, कारण ते शब्द वापरून बाईला कोपऱ्यात बसवतात हे मी पाहिलं आहे. पण माय या शब्दांत कोपऱ्यात बसली नव्हती. ती त्यांच्यात ऐसपैस बसून आम्हाला छाटत होती. शब्द ठेवायला हरकत नव्हती. त्यांच्या बरोबर तिचं काम लिहायला हवं होतं.

पाचव्या दिवशी मी वाचलं:

“कार्मेलिन. तोंडवलीची लेक. बायको, आई, आजी. आमच्या घरात लिहिलेली प्रत्येक ओळ हिने ऐकली.”

आजोबांचे हात थांबले. मला वाटलं, झालं. आता ते म्हणतील, ‘जाता, कोरून घे.’ मायला मजकूर पटला की ती ‘जाता’, म्हणजे चालेल, म्हणायची.

“बरा आसा,” ते म्हणाले. “पण खरा नाय. एक ओळ तिना आयकूक नाय.”

कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. लाल हात धुतले, आत गेले आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून एक पुडी घेऊन आले. दर वर्षीच्या सोलांतली एक पुडी माय राखून ठेवायची. जुनी, काळी पडलेली सोलं पित्तावर बरी म्हणून. ही पुडी माझ्या पत्रकात बांधलेली होती. सुतळी तिचीच. मुद्दाम त्याच कागदात ठेवली होती, की हाताला लागला तो कागद घेतला होता? आजोबांनाही माहीत नव्हतं.

आज सकाळी मी सहावं पुट दिलं. सोलं खळ्यात पसरली, आणि दुपारनंतर आजोबांना घेऊन चर्चच्या मागच्या दफनभूमीत गेले. मायच्या थडग्यावर अजून नुसती माती आहे, वर लाकडी खुरीस, म्हणजे क्रूस. आजोबा शेजारच्या कठड्यावर बसले. मी पुडीचा कागद उलगडला. तो कडक झाला होता, घड्यांवर फाटला होता. माझे हात अजून लाल होते.

“माय, वाचतंय,” मी म्हटलं आणि मथळ्यापासून वाचायला लागले.

मोठ्याने वाचताना ते पत्रक मला पहिल्यांदा ऐकू आलं. काही ओळी अजून सरळ उभ्या होत्या. काही ठिकाणी मीच अडखळले. तिथे तिने नक्की थांबवलं असतं. ‘तिला स्वतःचं असं आयुष्य नाही’ या ओळीवर मोठा डाग होता, अक्षरं दिसत नव्हती. पण ती ओळ मला पाठ होती. मी ती गाळली नाही. पुरी वाचली.

वाचून संपल्यावर मी थांबले. याच ठिकाणी ती विचारायची, ह्या कोणाक सांगतंस तू?

“तुका,” मी म्हटलं. “आणि चुकलंय मी, माय.”

नारळांच्या शेंड्यांत वारा होता. खाली काही हलत नव्हतं. आजोबांनी माझ्या हातातला कागद घेतला, जुन्या घड्यांवरच दुमडला आणि खिशात ठेवला.

“आता खरा झाला,” ते म्हणाले. “कोरूक सांग त्याका.”

आम्ही सावकाश घरी आलो. खळ्यात सोलं पसरलेली होती, गडद, जवळजवळ काळी. शेवटचं पुट वाळायला अजून दोन तासांचं ऊन होतं.